थांबायची खूण

गुरुवारी सकाळी माझी कंबर दुखायची थांबली आणि मला दरदरून घाम फुटला.

दुखणं गेलं म्हणून घाबरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. दीड वर्षं ती कळ कमरेतून निघून उजव्या पोटरीपर्यंत उतरत होती, माझ्याबरोबर उठत होती, माझ्याबरोबर जेवायला बसत होती. त्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून मी तिची वाट पाहिली. आली नाही. उभा राहिलो, तरी नाही. खुशीत खोलीभर दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत उजव्या पायातली स्लीपर निसटून मागेच राहिली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. मग खाली बसलो आणि दोन्ही पायांच्या अंगठ्यांना म्हटलं, वर व्हा. डावा झाला. उजवा पडून राहिला, जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोलत होतो.

याचा अर्थ मला ठाऊक होता. महिन्यापूर्वीच हाडांच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "मणक्यातली चकती शिरेवर दाबून बसली आहे. दुखतंय तोवर शीर तक्रार तरी करते आहे. एखाद्या दिवशी दुखणं अचानक गेलं आणि पाऊल उचलेनासं झालं, तर खूश होऊ नका. त्याच दिवशी या. जितका उशीर कराल, तितकी पाऊल परत मिळायची आशा कमी." मी आपला आगाऊपणा केला. विचारलं, "त्याच दिवशी म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या दिवशी नाही."

आणि सामना रविवारी होता.

हे नीट समजायचं तर झेंड्या समजायला हवा. मी एकतीस वर्षं बांधकामांवर क्रेन चालवली. उंचावरच्या त्या केबिनमध्ये बसून दिवसभर दोन पायांच्या मधून खाली बघायचं, मान पुढे, पाठ वाकलेली. कमरेची वाट तिथेच लागली. खाली जमिनीवर उभा राहून हाताच्या खुणांनी मला भार कुठे न्यायचा ते सांगणारा तो झेंड्या. सुरुवातीला त्याच्या हातात खरोखरच झेंडा असायचा, म्हणून हे नाव. मला तो टॉवर म्हणतो. एक बोट आभाळाकडे करून गोल फिरवलं की उचल. बोट जमिनीकडे करून फिरवलं की खाली सोड. दोन्ही हात पसरून आडवे हलवले की थांब. उचल आणि सोड फक्त झेंड्याने सांगायचं, पण थांब ही खूण कुणीही करावी, साहेबाने, गवंड्याने, वाटेवरच्या परक्या माणसाने, आणि ती दिसली की क्रेनवाल्याने थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. एकदा वाळू चाळणाऱ्या एका बाईने असे हात हलवले. मी थांबलो. ती बिचारी गांधीलमाशी हाकलत होती. पण मी थांबलो म्हणून झेंड्याने वर निरखून पाहिलं, तर लोखंडी सळ्यांच्या मोळीचा एक पट्टा निम्मा सरकलेला, आणि खाली दोन प्लंबर डबा खात बसलेले. तेव्हापासून त्या खुणेला मी देवासारखा मानतो. देवालाही इतकं मानत नसेन.

निवृत्त झालो तेव्हा आम्हा दोघांना दिवस खायला उठला. घरात बसलो की घरची माणसं आमच्याभोवती केरसुणी जोरात मारायची. मग गावाबाहेरच्या सार्वजनिक मैदानावर आम्ही गोल्फ खेळायला लागलो. हा साहेबांचा खेळ आहे असं आम्हालाही वाटायचं. प्रत्यक्षात ते एक मोठं कुरण होतं, त्यात नऊ भोकं होती, आणि आमच्यासारखे म्हातारे कुणीतरी टाकून दिलेले क्लब घेऊन हरवलेले बॉल शोधत हिंडत होते. आम्हाला तिथे फार बरं वाटलं.

पुढे माझी कंबर गेली आणि त्याचे डोळे. त्याला कडेकडेचं दिसतं, मधोमध ढग. त्याने बॉल मारला की कुठे पडला ते मी सांगायचं. माझा बॉल भोकात गेला की वाकून तो बाहेर काढायचा. मैदानावरचे लोक आम्हाला आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणत. पुढे पुढे आम्ही नाव नोंदवतानाही तेच सांगायला लागलो.

रविवारचा सामना हा वसंतातला पहिला, जोडीने खेळायचा. आठ वर्षं खेळलो आणि आठही वर्षं तळाच्या तीनांत राहिलो. पण या वेळी गोष्ट वेगळी होती. तीन-चार आठवड्यांत झेंड्या कायमचा मुलाकडे जाणार होता, समुद्रापलीकडे, जिथे त्याला एकट्याने रस्ताही ओलांडता येणार नव्हता. म्हणजे हा आमचा शेवटचा सामना. आता सांगा, गुरुवारी दवाखान्यात जाऊन कापून घेतलं असतं, तर रविवारी त्याचा बॉल कुणी शोधला असता?

मी ठरवलं, सोमवारी सांगायचं. चार दिवसांनी काय होतंय. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं.

आता अडचण होती ती लेकीची. माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला. कंबर गेल्यावर डॉक्टरांनी गोल्फ बंद सांगितला होता. तिने त्यांच्याशी भांडून तो परत मिळवला. अट अशी की आधी मागच्या अंगणातली बाग सगळ्या घराने मिळून उभी करायची, तिच्या पद्धतीने. "चालायच्या यंत्रावर उंदरासारखं पळून काही होत नाही बाबा, उन्हात या, मातीत या," असं तिचं म्हणणं. थंडी सरली त्या आठवड्यापासून मी, आमची ही, लेक आणि जावई, चौघेही अंगणात. उपड्या बादलीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवायचं, वीस मिनिटांवर फिरवून. घंटी वाजली की हातातलं काम टाकायचं आणि बदलायचं. खोदणाऱ्याने बसून बिया पेरायच्या, बसलेल्याने उठून पाणी घालायचं, पाणी घालणाऱ्याने फावडं घ्यायचं. अर्धवट खड्डा अर्धवट सोडायचा. वाकायचं ते खुब्यातून, कमरेतून नाही. गोल्फलाही तसेच नियम: आधी दहा मिनिटं अंग सैल करायचं, पिशवी खांद्यावर नाही तर ढकलगाडीवर, आणि स्विंग अर्धाच. "क्लब खांद्याच्या वर गेला, तर मी तो टोमॅटोला आधार म्हणून पुरेन," हे तिचे शब्द.

आणि बागेतल्या अवजारांच्या खोपटाच्या दारावर खडूने लिहायचं, कामाआधी किती दुखतंय आणि कामानंतर किती. शून्य ते दहा. आमची ही दोन-तीन लिहायची. जावई दिवसभर संगणकासमोर बसतो, त्याला माती म्हणजे शिक्षा. तो लिहायचा, "पाठ दोन, मन नऊ." मी सातावरून सुरुवात केली होती, आठव्या आठवड्यापर्यंत तीनावर आलो होतो. खोटं नव्हतं ते, खरंच कमी झालं होतं. लेकीने जीव ओतला होता त्यात.

गुरुवारी संध्याकाळी मी त्या दारावर शून्य लिहिलं. तेही खोटं नव्हतं. हेच तर वाईट होतं.

लेकीने ते पाहिलं आणि हातातली झारी खाली ठेवली. "शून्य? खरंच? अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

तिने मला मिठी मारली. ती लहान होती तेव्हासुद्धा फारशी मिठ्या मारणाऱ्यांतली नव्हती. मातीच्या हातांनी माझी पाठ थोपटली आणि दाराचा फोटो काढला, दवाखान्यातल्या सगळ्यांना दाखवायला. मी गमबुटात उभा होतो. गमबूट निसटत नाहीत, म्हणून सकाळपासून तेच घालून हिंडत होतो.

शुक्रवारी गमबूट धुऊन वाळत ठेवले होते, म्हणून स्लीपर घालून वाटाण्याचे कोंब बघायला गेलो. दुपारी आमची ही माझी उजवी स्लीपर दोन बोटांत धरून आत आली.

"ही वाटाण्याच्या वाफ्यात काय करत होती?"

"चिखलात रुतली असेल."

"चिखल कुठाय? मी सकाळपासून पाणीच घातलं नाही तिकडे." ती माझ्या पायाकडे बघत राहिली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला फार प्रश्न विचारले नाहीत, पण जे विचारले ते नेमके. "माझ्यापासून काही लपवत नाही ना तुम्ही?"

"तुझ्यापासून काय लपणार आहे," मी म्हणालो. हे उत्तर नव्हतं, हे तिला कळलं. मला वाटतं तिने त्या क्षणी लेकीला फोन करायचं ठरवलं आणि पुढच्या क्षणी माझ्यावर विश्वास ठेवायचं. दुसरं करून तिने चूक केली, पण त्या चुकीचं खापर मी तिच्या डोक्यावर फोडणार नाही.

त्या दिवशी जिना चढताना पहिल्यांदा पाऊल पायरीला अडकलं. अंगठ्याच्या वरचा भाग बधिर झाला होता. चिमटा काढला तर बोटांना कातडी लागत होती, कातडीला बोटं नाहीत. मी पलंगावर बसून पन्नास वेळा अंगठ्याला हुकूम केला. मग विनवण्या केल्या. मग शिव्या दिल्या.

शनिवारी सगळं गळ्याशी आलं.

दर सोमवारी लेक माझी परीक्षा घ्यायची. खोपटापासून नळापर्यंत टाचांवर चालून दाखवायचं, पुढचं पाऊल हवेत. शीर ठीक असेल तरच जमतं. माझा सगळा हिशोब सोमवारवर होता. शनिवारी ती आली ती शीळ घालतच.

"बाबा, उद्या सामना आहे, तर परीक्षा आजच घेऊन टाकू. शून्यवाला माणूस टाचांवर कसा चालतो ते बघू दे यांनाही. गमबूट काढा."

जावई फावडं टेकून बघायला लागला. आमची ही रोपांच्या कुंड्यांमधून उठली. मी बादलीशेजारच्या खुर्चीवर बसून बूट काढायला लागलो, डावा आधी, सावकाश. नुकतंच लावलेलं घड्याळ माझ्या पाठीमागे होतं, अजून पंधरा मिनिटं बाकी. बूट ओढतो आहे असं दाखवत मी हात मागे नेला आणि बोटांनी चाचपून काटा फिरवला.

घंटी वाजली.

"बदला!" मी ओरडलो. "नियम म्हणजे नियम. तुझाच आहे. अर्धवट खड्डा अर्धवट सोडायचा."

जावयाने फावडं असं फेकलं की जणू तुरुंगातून सुटला. लेक हसली. "बरं, बरं. संध्याकाळी बघते." संध्याकाळी तिचे पेशंट असतात, हे मला माहीत होतं. मी गमबूट पुन्हा चढवला आणि झारी घेतली. पोरीला फसवल्याचा आनंद अर्धं मिनिटही टिकला नाही. नळाखाली झारी भरत होती आणि माझ्या मनात येत होतं, आत्ता सांग. अजून वेळ गेलेली नाही, सांग. झारी भरून वाहायला लागली तरी मी तसाच उभा.

रविवारी घोट्याच्या वर येणारे जुने बूट घातले आणि नाड्या अशा करकचून बांधल्या की पाऊल लोंबूच नये. जावयाने आम्हाला मैदानावर सोडलं आणि "घ्यायला दुपारी येतो" म्हणून गेला. ऊन कोवळं होतं, गवत नुकतंच कापलेलं, ढकलगाडीचा आधार घेतला की कुणाला काही कळत नव्हतं.

आणि मी काय खेळलो म्हणता! कंबर दुखत नव्हती ना. दीड वर्षांनी पहिल्यांदा अंग भीत नव्हतं. दुसऱ्या होलला क्लब खांद्याच्या वर गेला, तिसऱ्याला पार डोक्यामागे. बॉल असा उडाला की मीच बघत राहिलो. "कुठे गेला?" झेंड्या विचारायचा. "सरळ," मी म्हणायचो. "तुझा? सरळ?" तो हसून हसून वाकायचा. चौथ्या होलअखेर आम्ही तिसरे होतो. वरून तिसरे. आठ वर्षांत आम्हाला ती जागा कशी दिसते तेही माहीत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, बघ, चार दिवसांत काही बिघडलं का?

चौथ्या आणि पाचव्या होलच्या मध्ये एक ओढा आहे. त्याच्यावर लाकडी पूल. झेंड्या पुढे गेला, मागून मी ढकलगाडी घेऊन.

पलीकडे पोचल्यावर तो थांबला. "मागे जा. गाडी इथेच ठेव आणि पुन्हा चालत ये."

"कशाला? सिनेमात घेतोयस का?"

"ये म्हणतो ना."

मी गेलो आणि आलो. जपून आलो. तो मान खाली घालून ऐकत होता.

"टक, फट्. टक, फट्," तो म्हणाला. "टक तुझा डावा. फट् कोण आहे?"

"बुटाचा तळ सुटलाय."

"टॉवर, डोळे गेलेत माझे. कान आहेत. गवतावर कळलं नव्हतं. पाऊल आपटतंय तुझं."

मी ढकलगाडीची मूठ धरली. मग म्हणालो, "गुरुवारपासून."

"डॉक्टर काय म्हणाले होते? तूच सांगितलं होतंस मला."

"त्याच दिवशी या."

"आज वार कुठला?"

"पाचच होल राहिलेत रे. आपण तिसरे आहोत. नऊ पुरे होऊ देत, मग तू म्हणशील तिथे येतो. तू चाललायस, पुन्हा कधी खेळणार आपण?"

"म्हणजे हे माझ्यासाठी चाललंय?"

"मग कुणासाठी?"

"मला विचारलंस?"

त्याने आपला क्लब ढकलगाडीत ठेवला आणि चालत पुढे निघून गेला. मला वाटलं, रागावला, पण मानलं त्याने. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. मागची जोडी पुलाजवळ येऊन थांबली होती. मी घाईने बॉल ठेवला, पाय रोवले. उजवा कुठे आहे ते खाली बघूनच ठरवावं लागलं, कारण आतून काही कळत नव्हतं. क्लब वर नेला. खांद्याच्या वर. डोक्यामागे.

आणि समोर झेंड्या.

चाळीस पावलांवर, नेमका बॉलच्या रेषेत, माझ्याकडे तोंड करून. दोन्ही हात पसरलेले, तळवे जमिनीकडे, आडवे हलताहेत.

बॉल कपाळावर बसला असता तर माणूस जागच्या जागी आडवा झाला असता. माझे हात खाली यायला निघालेही होते. पण एकतीस वर्षांत ती खूण दिसली आणि मी थांबलो नाही, असं झालं नव्हतं. क्लब हवेत अडकला. उजव्या पायाने तोल सांभाळला नाही, मी गुडघ्यावर बसलो, पण थांबलो.

तो हात हलवतच होता. मधोमध त्याला ढग, आणि मधोमध मी. मी थांबलोय की मारतोय, त्याला दिसतच नव्हतं. तरी तो हलला नाही.

"थांबलो!" मी ओरडलो. घसा फुटेस्तोवर ओरडलो. "थांबलो रे, थांबलो!"

तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतले.

माझ्याजवळ येऊन त्याने मला काखेत हात घालून उठवलं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने ओली होती. "लेकीला फोन लाव," तो म्हणाला.

"तू लाव ना."

"भार तुझ्या हुकावर आहे. मी कसा लावू?"

मी लावला. लेकीने उचलताच विचारलं, "जिंकलात?"

"पाऊल उचलत नाही," मी म्हणालो. "उजवं. अंगठा पण."

मग तिचा दवाखान्यातला आवाज आला, सपाट आणि भराभर. लघवीला त्रास आहे का, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतंय का, दुसरा पाय कसा आहे. मी नाही, नाही, ठीक म्हणत गेलो. शेवटी तिने विचारलं, "आज सकाळपासून?"

"गुरुवारपासून."

मग ती एवढंच म्हणाली, "आहात तिथे बसा. काही खाऊ नका, पिऊ नका."

गाडीत आमची ही माझं पाऊल बुटासकट मांडीवर घेऊन बसली होती आणि करकचून बांधलेल्या नाडीची गाठ सोडवत होती. त्याच दुपारी मला टेबलावर घेतलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "किती दिवस?" आणि ऐकून मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लेक खाटेजवळ बसली. मी शिव्या खायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "मी शून्य पाहिलं आणि नाचले. तीनवरून एकदम शून्य? शिकले आहे मी हे. शुक्रवारी विचारायला हवं होतं. शनिवारी घंटीला हसायला नको होतं."

"घंटी मी फिरवली होती," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठून खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून रडली. मला माझी लाज वाटली. आयुष्यात इतकी कधीच वाटली नव्हती. पाऊल माझं होतं, ते घालवायचा हक्क माझा, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तिने आठ आठवडे त्या पावलावर काढले होते, हे मी मोजलंच नव्हतं.

घरी आलो तो घोट्याला प्लास्टिकची पट्टी लावून, काठी टेकत. डॉक्टर म्हणाले, येईल तर हळूहळू येईल, कदाचित अर्धं येईल, कदाचित नाही. लेक रोज संध्याकाळी यायची. मला अंगणातल्या खुर्चीवर बसवायची, पट्टी काढायची, "वर" म्हणायची, बघायची. कामाचं सोडून बोलत नव्हती. मग खोपटाच्या दारावर तारीख घालून लिहायची, "अंगठा: नाही." सतरा दिवस झाले. एकाखाली एक सतरा "नाही". वाटाणा कमरेएवढा वाढला, घेवड्याला आधार लागले. घंटी वाजायची, ती तिघं काम बदलायची, आणि मी बसल्या जागी बिया पेरत राहायचो.

अठराव्या दिवशी झेंड्या निरोप घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं विमान होतं. जावयाने त्याला हाताला धरून वाफ्यांच्या मधून आणलं. सगळं बोलून झालं, चहा झाला, आता उठायचं, आणि उठवत कुणालाच नव्हतं.

"हलतोय का?" त्याने विचारलं.

"नाही," लेकच म्हणाली.

"मी बघू?"

"तुला काय दिसणार आहे," मी म्हणालो. माझ्या आवाजात कडवटपणा होता, तो त्याने मनावर घेतला नाही. कुरकुरत गुडघ्यांवर बसला, चाचपून माझं पाऊल शोधलं, पट्टी काढली आणि डावा तळवा माझ्या अंगठ्यावर अलगद ठेवला. त्याचा हात गार होता की गरम, मला कळलं नाही.

मग त्याने उजवा हात वर केला. एक बोट आभाळाकडे, गोल गोल. उचल.

क्रेनवाल्याने भाराकडे बघायचं नसतं. भार दिसत असला तरी नजर हातावर. मी त्याच्या बोटाकडे बघितलं आणि कमरेपासून खाली जे काही माझं उरलं होतं, ते सगळं लावून उचललं. बोट फिरत राहिलं. मी दात आवळले. कमरेत, टाक्यांच्या जागी, कळ उठली.

त्याचं बोट थांबलं.

"आला," तो म्हणाला.

"उगाच धीर देऊ नकोस."

"हाताला लागला माझ्या. पुन्हा." बोट पुन्हा फिरलं. "हां. आला."

लेक केव्हाच खाली मातीत बसली होती, नाक माझ्या पावलाला लागेल इतकी जवळ.

"किती?" आमच्या हिने विचारलं. "किती आला?"

"कागद सरकेल एवढा," झेंड्या म्हणाला.

लेक उठली. गुडघ्यांना माती तशीच. दाराशी जाऊन खडू घेतला, तारीख घातली आणि लिहिलं, "अंगठा: कागदाएवढा." वरचं एकही "नाही" पुसलं नाही. मग दाराकडेच तोंड ठेवून तिने विचारलं, "दुखतंय का बाबा?"

"हो."

"किती?"

मी नीट विचार केला. झेंड्याचा तळवा अजून माझ्या पावलावर होता.

"पाच," मी म्हणालो. "सहा असेल."

"सहा," ती म्हणाली, आणि सहा लिहिलं.